चौथ्या लेनवरची पंच

तलावाच्या गॅलरीत मनीच्या आईची बसायची जागा ठरलेली होती. जिथून पोरं पाण्यात उडी मारतात, त्या बाजूला सगळे आईबाप मोबाईल उंचावून खेटून बसत. ही बसायची दुसऱ्या टोकाला, जिथं पोरं भिंतीला हात लावून उलटी फिरतात. तिथून काठ अगदी पायाखाली यायचा, भिंतीला टेकलेली बोटंसुद्धा मोजता यायची. सहा वर्षं तिनं तिथूनच लेकीचे टर्न पाहिले होते. टर्न फसला की लेकीच्या आधी हिच्या तोंडून "च्च" निघायचं.

आजही ती तिथंच बसली होती, पण लेक पाण्यात नव्हती. पांढरी पँट, पांढरा टी-शर्ट, गळ्यात ओळखपत्र, अशा थाटात मनी काठावर चौथ्या लेनच्या डोक्याशी उभी होती. पँट कमरेत सैल होती, म्हणून आईनं सकाळी आतून दोन सेफ्टी पिना मारल्या होत्या. त्या ऐन वेळी सुटतील की काय, ही आजच्या काळज्यांमधली सगळ्यात हलकी काळजी.

मनी हे काही तिचं शाळेतलं नाव नव्हे. दहा वर्षांची असताना पहिल्याच दिवशी तिनं पाण्यात पायाचा अंगठा बुडवला आणि मांजरासारखी झटकन मागे सरली. प्रशिक्षक म्हणाले, "ये गं मने, पाणी चावत नाही." नाव चिकटलं ते चिकटलंच. पुढे ती सगळ्या गटाला मागे टाकायला लागली तरी मनीच राहिली. तिची जिवाभावाची मैत्रीण पाय फाकवून डुलत चालायची, ती बदक. आणि तलावावर आयांना स्वतःचं नाव नसतंच. कितीही शिकलेली असो, ही मनीची आई आणि ती बदकाची आई.

बदकाची आई शेजारीच बसली होती, मांडीवर टॉवेल, पायाशी चहाचा थर्मास.

"मनी नुसती उभी काय करतेय गं तिथं?" तिनं विचारलं.

"टर्न जज आहे ती. आपल्या लेनमधलं पोर टर्न नीट घेतंय की नाही ते बघायचं. चूक दिसली की लगेच हात वर करायचा."

"आणि नाही दिसली तर?"

"तर नुसतं उभं राहायचं."

"म्हणजे माझ्या नवऱ्यासारखं," बदकाची आई म्हणाली आणि थर्मासचं झाकण फिरवायला लागली.

मनीची आई हसली खरी, पण हसू गालापर्यंत पोचलं नाही. तिचे डोळे लेकीच्या उजव्या खांद्यावर खिळले होते.

तो खांदा गेल्या वर्षी गेला. आधी नुसता दुखायचा, मग पोहताना कटकट वाजायला लागला, आणि मग डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं की रोजच्या जगण्याला खांदा उत्तम होईल, स्पर्धेला नाही. मनी रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. ती भिंतीकडे तोंड करून झोपायला लागली. तलावाच्या रस्त्यावरून जायची वेळ आली तर लांबचा वळसा घ्यायची. दाराच्या मुठीला रबरी पट्टा बांधून खांद्याचे व्यायाम करायचे होते, तेही आई डोक्यावर उभी राहिली तरच. घरात कोणी नेमानं आलं असेल तर ते बदक. संध्याकाळी यायची, फ्रिज उघडून असेल ते संपवायची, जमिनीवर फतकल मारून वायफळ बडबड करायची आणि पोहण्याचं अवाक्षरही न काढता निघून जायची. मनी उत्तर देत नसे. पण बदक यायच्या वेळेला केस मात्र विंचरून बसायची, हे आईच्या नजरेतून सुटलं नव्हतं.

अकरावी सुरू झाली आणि शाळेनं एक नवा वर्ग काढला, क्रीडाक्षेत्रातल्या कामांचा. घेणारे सर एकेकाळी फुटबॉल खेळत. आता त्यांचं पोट त्यांच्या आधी वर्गात शिरायचं. पालकांच्या सभेत ते म्हणाले होते, "मैदानावर दिसतो तो एक खेळाडू. त्याच्या मागे वीस माणसं उभी असतात. कुणी घोट्याला पट्टी बांधतं, कुणी गवत राखतं, कुणी वेळ घेतं, कुणी स्पर्धा भरवतं, कुणी माईकवर बोलतं. ही वीस माणसं काय आभाळातून पडतात? ती घडवावी लागतात. आणि खेळ मनापासून कळणारी पोरं आपल्याकडे ढिगानं आहेत."

मनीच्या आईनं तिथल्या तिथं लेकीचं नाव घातलं. लेकीला विचारलंच नाही.

त्यावरून घरात जे झालं ते विसरण्यासारखं नव्हतं. "मला विचारलंस?" एवढंच मनी म्हणाली होती, पण असं म्हणाली होती की बाबा ताटावरून उठून गॅलरीत जाऊन उभे राहिले. त्यात आत्यानं फोनवर भर घातली. "वहिनी, पोहता येत नाही म्हणून पोरीला आता पोहणाऱ्यांचे टॉवेल उचलायला लावणार का? जखमेवर मीठ ते काय वेगळं असतं?"

आत्याचं बोलणं टोचलं, कारण तीच शंका आईला स्वतःलाही होती. मनी वर्गाला जायला लागली. जायची, यायची, विचारलं तर "बरं होतं" म्हणायची. हळूहळू ती जेवताना स्टॉपवॉच घेऊन बसायला लागली, बाबा किती वेळात पोळी संपवतात ते मोजायला. पण तलावावर पाय ठेवायचा दिवस आजचाच होता. सरांनी आंतरशालेय स्पर्धेच्या आयोजकांना गळ घालून वर्गातल्या सगळ्या पोरांना खरीखुरी कामं मिळवून दिली होती. माईकवर वर्गातली एक बडबडी मुलगी होती, जिला सगळे रेडिओ म्हणत. आणि मनीला मिळाली चौथी लेन.

आईला आज एकच गोष्ट कळायची होती. आपण पोरीला उभं केलं, की आणखी मोडलं?

आणि मग रेडिओचा आवाज घुमला. "पुढची शर्यत, मुलींची शंभर मीटर ब्रेस्टस्ट्रोक, दहा मिनिटांत! लेन चारमध्ये..." आणि तिनं बदकाच्या शाळेचं नाव घेतलं.

"अगं बाई!" बदकाची आई टाळ्या पिटत म्हणाली. "आमची, तुमच्या मनीच्याच लेनला! घरचीच माणसं!"

मनीच्या आईनं चपला पायात सरकवल्या.

ती "आलेच" म्हणत उठली आणि ओल्या पायऱ्यांवरून चपला सांभाळत खाली गेली. सर काठाजवळच्या टेबलापाशी उभे होते, हातात वॉकीटॉकी.

"सर, एक विनंती होती. मनीची लेन बदलता येईल का? एवढ्या शर्यतीपुरतीच."

"का हो, काय झालं?"

"तिच्या लेनमध्ये बदक पोहतेय. तिची मैत्रीण. काही झालं तर... पोर आत्ता कुठं सावरतेय, सर."

सरांनी वॉकीटॉकी खाली केला. "ताई, मला माहीत आहे. तिनंच सकाळी येऊन सांगितलं. ओळखीचं कोणी लेनमध्ये असेल तर आधी बोलून दाखवायचं, हा आमचा पहिलाच धडा आहे. मी मुख्य पंचांच्या कानावर घातलं, त्यांनी तिला विचारलं, बदलू का लेन?"

"मग?"

"ती म्हणाली, कुठली देणार? प्रत्येक लेनमध्ये माझं कोणीतरी आहेच." सर हसले. "खरंच आहे. सहा वर्षं इथं पोहलेल्या पोरीला अनोळखी लेन कुठून आणायची? मुख्य पंच म्हणाल्या, मग उभी राहा चारवर."

परत फिरताना आईनं सहज मागं पाहिलं, तर पलीकडच्या काठावरून मनी तिच्याकडेच बघत होती. डोळे बारीक करून, ओठ घट्ट मिटून. लहानपणी आई शाळेच्या खिडकीतून डोकवायची तेव्हा बघायची, तस्सं.

वर येऊन आई बसते न बसते तोच शिट्ट्या वाजल्या. आधी छोट्या छोट्या, मग एक लांब. आठ मुली ठोकळ्यांवर चढल्या. भोंगा वाजला आणि पाणी फुटलं.

बदक जमिनीवर कितीही डुलो, पाण्यात तिच्यासारखी सरळ रेघ कोणी मारत नसे. पहिला टर्न तिनं झोकात घेतला, दोन्ही तळवे एकदम भिंतीला. मनी पुढे वाकली, पाहिलं, सरळ झाली. दुसरा टर्न पलीकडच्या टोकाला. बदक अर्ध्या हातानं पुढे होती. बदकाची आई उभीच राहिली होती. "चल गं! चल गं माझी बाय! पहिल्या दोघींत आलीस की पुढच्या पातळीला जाशील!" थर्मास कलंडला आणि चहा पायरीवरून ओघळायला लागला, पण लक्ष कुणाचं होतं?

तिसरा आणि शेवटचा टर्न पुन्हा मनीच्या भिंतीला. बदक सुसाट येत होती, अंमळ जास्तच सुसाट. भिंत अर्धवट अंतरावर आली, धड एक झेप पुरेना, धड अर्धी. तिनं डावा हात ताणला, बोटं टेकवली आणि उजवा हात भिंतीला लागायच्या आत अंग वळवलंसुद्धा.

एकच हात. ब्रेस्टस्ट्रोकमध्ये दोन्ही हात एकाच वेळी लागावे लागतात. एकच लागला की बाद.

मनीच्या आईच्या तोंडून "च्च" निघालं. सहा वर्षांची सवय. तिनं ते गिळायचा प्रयत्न केला, पण निघायचं ते निघून गेलं होतं.

ते दुसऱ्या कुणाला दिसलं असेल? शक्य नव्हतं. फेस, लाटा, आरडाओरडा. दिसलं असेल तर भिंतीवर वाकलेल्या एका मुलीला आणि तिच्या डोक्यावर बसलेल्या तिच्या आईला. आईच्या मनात आलं ते तिला पुढे कितीतरी दिवस आठवत राहिलं. तिच्या मनात आलं, नको गं. नको करूस हात वर. बघितलं नाही म्हण. तुझं दुसरं आहे कोण?

मनीचा हात वर गेला.

उजवा हात. दाराच्या मुठीला पट्टा बांधून इंचाइंचानं वर आणलेला तो हात कानाला घासून सरळ आभाळाकडे गेला आणि तिथंच राहिला. थरथरला नाही. आईला एक क्षण खांद्याचंच नवल वाटलं, आणि मग कुठे बाकीचं सगळं ध्यानात आलं.

शर्यत संपली. बदकानं सगळ्यांच्या आधी भिंत गाठली. पाण्यातूनच मूठ उंचावली, गॅलरी दणाणली. आणि मग मुख्य पंच, उंच, पिकल्या केसांच्या बाई, काठाकाठानं चालत चौथ्या लेनकडे आल्या. गॅलरी हळूहळू शांत होत गेली.

"काय पाहिलंस?" त्यांनी विचारलं. वर सगळं ऐकू येत होतं.

"शेवटचा टर्न. फक्त डावा हात लागला. उजवा लागला नाही." मनीचा आवाज बारीक होता, पण तुटला नाही.

"खात्री आहे?"

"हो, मॅडम."

बाईंनी मान हलवली आणि परत गेल्या. थोड्या वेळानं रेडिओनं निकाल सांगितला. नेहमी घोड्यावर बसून बोलणारी ती पोर तिसऱ्या शब्दाला अडखळली. "लेन चार... बाद."

बदकाच्या आईचा चेहरा लाल होत गेला. "हे काय गं? कुणी केलं बाद? मनीनं?" ती वळली. "तुझ्या मनीनं? माझी पोर सहा महिने रोज तुमच्या घरी येऊन बसली आणि तिचे हे पांग फेडले?"

आजूबाजूचे आईबाप बघायला लागले. मनीच्या आईला वाटलं, आत्ता नुसतं "मला काय माहीत" म्हटलं की सुटलो. तिनं तोंडही उघडलं. पण खाली लेक अजून तिथंच उभी होती, एकटी, पाठ ताठ, आणि त्या पाठीकडे बघून तिला खोटं बोलवेना.

"मी पण पाहिलं," ती म्हणाली. "एकच हात लागला. मी इथून पाहिलं."

"तू?"

"हो. मला वाटलं होतं मनी हात वर करणार नाही. देवाशप्पथ, मला वाटत होतं की करू नये. पण लागला एकच, हे खरं आहे."

बदकाची आई मटकन खाली बसली, नेमकी सांडलेल्या चहात. "अगं आई गं!" म्हणत उठली, साडी झटकली, आणि शेजारच्या एका बाबांना हसू आवरलं नाही, म्हणून त्यांच्यावर कडाडली, "तुम्हाला काय झालं हसायला?"

तेवढ्यात खाली बदक पाण्यातून बाहेर आली होती. टोपी काढून हातात, केस डोक्याला चिकटलेले. ती डुलत डुलत सरळ मनीकडे निघाली. गॅलरीत दोन्ही आया एकदम कठड्याला जाऊन चिकटल्या.

"आंधळी!" बदक म्हणाली.

मनीनं भिंतीकडे बोट दाखवलं.

"आंधळी असतीस तर बरं झालं असतं, असं म्हणतेय मी. मला वाटलं, फेसात दिसणार नाही."

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"मग? माझाच हात होता ना? भिंत अर्धवट आली. म्हटलं, बघू, कोण आहे वर, तर साक्षात तू." तिनं नाक शिंकरलं. "तू स्वतः पोहायचीस तेव्हा पण माझे टर्न मोजत बसायचीस. तेव्हाच कळायला हवं होतं मला."

"मग तेव्हा सांगायचे ते ऐकायचंस ना," मनी म्हणाली. "भिंत अर्धवट आली तर एक लांब ग्लाइड घ्यायची, अंग ताणून नुसतं सरकत यायचं. शंभर वेळा सांगितलंय."

"आता ड्युटीवर शिकवणी घेऊ नकोस. जा, तिकडे बघ. पुढची शर्यत लागतेय."

"रागावलीस?"

"मरणाची," बदक म्हणाली. "संध्याकाळी येते घरी. काकूंना सांग, काहीतरी करून ठेवा." आणि टॉवेल शोधत निघून गेली.

वर बदकाची आई मनीच्या आईकडे न बघता म्हणाली, "काहीतरी करून ठेव हं. आणि भरपूर कर. माझी पोर चिडली की दुप्पट खाते."

दुपारी पन्नास मीटरची शर्यत होती. नियमानं एकेक लेन पुढे सरकत सगळे पंच बदलले होते, पण बदकही पाचव्या लेनमध्ये आली होती आणि मनीही. आयांनी एकमेकींकडे पाहिलं. बदकाच्या आईनं मनीच्या आईचा हात घट्ट धरला.

बदक आली. भिंत जवळ आली तशी तिनं लांबच लांब ग्लाइड घेतली आणि दोन्ही तळवे भिंतीवर असे काही हाणले, की पाण्याचा एक भलामोठा फवारा उसळून मनीला केसांपासून बुटांपर्यंत भिजवून गेला. पोरं फिदीफिदी हसली. मुख्य पंच बाईंनी तोंडावर हात ठेवला. मनी मात्र हलली नाही. चेहऱ्यावरून पाणी निथळत होतं, ते पुसलंही नाही. दोन्ही हात खाली, अंगाला चिकटून. सगळं नियमात होतं.

बदक दुसरी आली. पुढच्या पातळीला जायची सोय झाली. बदकाची आई रडली, हसली, आणि मनीच्या आईच्या खांद्यावर रिकामा थर्मास आपटून म्हणाली, "एवढा वेळ जीव टांगला होता माझा! आता चहा कुठं मिळतो ते सांग."

संध्याकाळी तलावाच्या दाराशी मनी बाहेर आली तेव्हा तिच्या टी-शर्टवर पाण्याचा मोठा डाग होता आणि तोंडात कुणाचं तरी बिस्कीट. बरोबर सर होते. "पँट जरा मापाची घ्या हो ताई," ते म्हणाले. "आता हिला वरचेवर लागणार आहे. मुख्य पंचांनी पुढच्या रविवारी पुन्हा बोलावलंय. त्यांना नवीन माणसं घडवायची आहेत."

आई लेकीच्या चेहऱ्याकडे बघत होती. खचलाय? दुखावलाय? काही लपवतोय? चेहरा दमलेला होता, भुकेला होता, नाकाचं टोक क्लोरीननं लाल झालं होतं. बाकी त्यात काही सापडेना.

"दुखतोय का खांदा?"

"नाही."

"वाईट वाटलं? पाण्याच्या इतक्या जवळ..."

मनी चालायला लागली. "सकाळी वाटलं," ती म्हणाली. "पहिल्या शर्यतीला तर वाटलं, अशीच उडी मारावी, पँटसकट. मग बघायला लागले आणि लक्षात आलं, इथून किती काय काय दिसतं गं. पाण्यात असताना काहीच दिसत नाही. नुसता फेस." मग एकदम थांबली. "पण आई, तू सरांकडे गेली होतीस."

"मी आपली सहज..."

"मी पाहिलं. लेन बदला म्हणालीस ना?"

आईनं मान खाली घातली.

"पुढच्या वेळी तू यायचं नाहीस."

"का?"

"पंचाची आई गॅलरीत बसलेली बघितली आहेस कधी? मुख्य पंचांची आई येते का?"

"त्या साठीच्या आहेत गं!"

"मग? नियम तो नियम." मनीनं उरलेलं बिस्कीट तोंडात टाकलं आणि आईच्या दंडाला हात घालून तिला रस्त्याच्या पलीकडे नेलं, तलावाच्या फाटकावरूनच, जवळच्या वाटेनं.

"मग रविवारी सकाळी मी करू काय?" आईनं विचारलं.

"झोप."

आणि त्या रविवारी मनीची आई खरोखर झोपली. लेक स्वतः उठली, स्वतःची पँट स्वतः घालून गेली, दार हलकेच ओढून घेतलं, तरी हिला जाग आली नाही. ऊन खिडकीतून पलंगावर आलं, पलंगावरून जमिनीवर उतरलं, ही आपली पालथी. बाबांना असलं काही पाहायची सवय नव्हती. ते दोनदा येऊन तिच्या कपाळाला हात लावून गेले.